उद्यावर ढकललेली कादंबरी

सेंट पीटर्सबर्गच्या स्तोल्यार्नी गल्लीतील एका भाड्याच्या घरात १८६६ सालच्या सप्टेंबरअखेरीस एक ४४ वर्षांचा लेखक कमालीच्या विवंचनेत होता. १ नोव्हेंबरपर्यंत त्याला प्रकाशकाच्या हाती एक नवीन कादंबरी द्यायची होती. तसा करार होऊन वर्ष उलटून गेले होते. कादंबरीची मात्र एक ओळही लिहून झालेली नव्हती. आणि हा करार साधासुधा नव्हता. मुदत चुकली असती, तर त्या लेखकाने तोवर लिहिलेले आणि पुढील नऊ वर्षांत लिहील ते सारे साहित्य एक छदामही न देता छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता.

हा लेखक म्हणजे फ्योदोर दोस्तोयेव्हस्की. ‘क्राइम अँड पनिशमेंट’, ‘द इडियट’, ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’ या कादंबऱ्यांनी जगाच्या साहित्यात अढळ स्थान मिळवलेला. मृत्युदंडाच्या जागेपर्यंत नेऊन ऐनवेळी मिळालेले जीवदान, सैबेरियातील चार वर्षांचा तुरुंगवास, अपस्माराचा आजार, जुगाराचे व्यसन या त्याच्या आयुष्यातील गोष्टी वाचकांना ठाऊक असतात. त्या मानाने एका बाजूची चर्चा फारशी होत नाही. दोस्तोयेव्हस्की हा केवळ लेखणीवर घर चालवणारा, डोक्यावर वरिष्ठ नसलेला, घरातच काम करणारा आणि मुलाबाळांची जबाबदारी असलेला माणूस होता. काम पुढे ढकलण्याची सवय त्याला आयुष्यभर छळत राहिली. तिच्यावर त्याने बऱ्याच अंशी मात केली, ती कशी, हे पाहण्यासारखे आहे.

हा करार करण्याची वेळ त्याच्यावर का आली, हे समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. १८६४ हे वर्ष त्याच्यासाठी काळवर्ष ठरले. एप्रिलमध्ये त्याची पहिली पत्नी मारिया क्षयाने गेली. जुलैमध्ये थोरला भाऊ मिखाईल गेला. दोघे भाऊ मिळून एक मासिक चालवत होते. भावामागे मासिकाचे कर्ज उरले, विधवा वहिनी आणि चार मुले उरली. कायद्याने त्यातले बरेचसे कर्ज त्याचे नव्हते. तरीही भावाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्याने ते आपल्या अंगावर घेतले. मारियाच्या पहिल्या विवाहापासूनचा मुलगा पावेल याचा सांभाळही त्याच्याकडेच होता. हा सावत्र मुलगा विशीला आला होता आणि कामधंद्याची फारशी तोशीस न घेता वडिलांच्या पैशांवर राहत होता. पुढे मासिकही बुडाले. सावकार दाराशी बसू लागले. कर्जबुडव्यांच्या तुरुंगाची भीती दिसू लागली.

अशा वेळी, १८६५ च्या उन्हाळ्यात, स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाने तीन हजार रूबल पुढे केले. त्या बदल्यात त्याला दोस्तोयेव्हस्कीच्या समग्र साहित्याची एक आवृत्ती काढण्याचा हक्क आणि ठरलेल्या मुदतीत एक नवी कादंबरी हवी होती. नऊ वर्षांची ती जीवघेणी अट याच करारातली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. दोस्तोयेव्हस्कीने सही केली. पैशांचा मोठा हिस्सा देणेकऱ्यांच्या घशात गेला. उरलेल्यातले काही घेऊन तो जर्मनीतील वीसबाडेनला गेला आणि तेथील जुगारघरात ते हरला.

त्यानंतरचे वर्ष तो हातावर हात धरून बसला होता, असे मात्र नाही. जानेवारी १८६६ पासून ‘रशियन हेरल्ड’ मासिकात ‘क्राइम अँड पनिशमेंट’ क्रमशः येऊ लागली होती आणि दर महिन्याचा मजकूर तो कसाबसा पुरा करत होता. उन्हाळ्यात मॉस्कोजवळच्या ल्युब्लिनो येथे बहिणीच्या कुटुंबाशेजारी राहायला जाताना त्याने एक बेत आखला होता. सकाळी एक कादंबरी लिहायची आणि संध्याकाळी दुसरी. कागदावर हा बेत फारच देखणा होता. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा एकाच कादंबरीने खाल्ल्या आणि दुसरी रोज उद्यावर गेली.

चालढकल करणारा माणूस आळशी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. दोस्तोयेव्हस्कीच्या बाबतीत तो खरा नव्हता. ज्या कामाची धास्ती सर्वाधिक, तेच काम तो टाळत होता आणि ते टाळण्यासाठी दुसऱ्या, तितक्याच कष्टाच्या कामात बुडून जात होता. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला ही पळवाट नेहमीच उघडी असते. हाताशी कामे अनेक असतात. त्यातले कोणते आधी करायचे, हे सांगणारा कोणी नसतो. दिवसभर राबल्याचे समाधान मिळते आणि मुख्य काम तसेच राहते.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला अलेक्सांद्र मिल्युकोव्ह हा त्याचा साहित्यिक मित्र घरी आला. (या लेखातील रशियातल्या तारखा त्या देशाच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत. पाश्चात्त्य तारखा त्या शतकात १२ दिवस पुढे होत्या.) करार वाचून मिल्युकोव्हच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने सुचवले की, कथानक मित्रांना सांगावे, चारपाच जणांनी एकेक प्रकरण लिहावे आणि वेळ निभावून न्यावी. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपले नाव घालायला दोस्तोयेव्हस्कीने साफ नकार दिला. मग मिल्युकोव्हने दुसरा मार्ग काढला. लिहायला वेळ नसेल तर सांगावे आणि लघुलेखकाने उतरवून घ्यावे. रशियात लघुलिपी तेव्हा नवीनच होती. ओल्खिन नावाचे एक शिक्षक तिचे वर्ग घेत. त्यांनी आपल्या सर्वोत्तम विद्यार्थिनीचे नाव सुचवले. ते होते ॲना ग्रिगोर्येव्हना स्नित्किना. वय २०. वडिलांचे छत्र त्याच वर्षी हरपलेले. स्वतःच्या पायावर उभे राहायची जिद्द बाळगून ती ही विद्या शिकत होती. मोबदला ठरला संपूर्ण कामाचे ५० रूबल.

४ ऑक्टोबरला सकाळी साडेअकराला ॲना त्या घराची पायरी चढली. पहिला दिवस फारसा उत्साहवर्धक नव्हता. दोस्तोयेव्हस्की अस्वस्थ होता, येरझारा घालत होता, तिचे नाव पुनःपुन्हा विसरत होता. त्याने एका मासिकातला मजकूर भरधाव सांगून तिची परीक्षा घेतली आणि चुका काढल्या. मग आता जमत नाही, रात्री आठ वाजता या, असे सांगून तिला परत पाठवले. सवयीने हेही काम त्याने थोडे पुढे ढकललेच. रात्री ॲना परत आली आणि ‘द गॅम्बलर’ या कादंबरीची पहिली पाने तिच्या वहीत उतरली. जुगारघराची नशा, एका वर्षापूर्वी स्वतः भोगलेली, आता कथेचा विषय झाली होती.

दुसऱ्या दिवशी ॲनाला पोहोचायला अर्धा तास उशीर झाला. आदल्या रात्रीचा मजकूर नितळ अक्षरात उतरवून काढण्यात तिचा वेळ गेला होता. दार उघडणाऱ्या दोस्तोयेव्हस्कीचा जीव टांगणीला लागलेला होता. ती आता परत येत नाही आणि सांगितलेली पानेही गेली, अशी त्याची समजूत झाली होती. तिचा पत्ता विचारून ठेवायचेही त्याला सुचले नव्हते. एका परीने सगळे बदलले ते याच अर्ध्या तासात. वर्षभर जो लेखक कादंबरीला टाळत होता, तोच आता तिच्या लिपिकेची वाट पाहत बसला होता.

पुढचे साडेतीन आठवडे दिनक्रम ठरून गेला. दुपारी बाराला ॲना यायची आणि चारपर्यंत काम चालायचे. मधेमधे चहा आणि थोड्या गप्पा. संध्याकाळी घरी जाऊन ती लघुलिपीतला मजकूर स्वच्छ लिहून काढायची आणि दुसऱ्या दिवशी दोस्तोयेव्हस्की तो तपासायचा. आरंभी तो मनात येईल तसे सांगत होता आणि अडत होता. काही दिवसांनी त्याने रात्री टिपणे काढायला आणि दुपारी त्यावरून सांगायला सुरुवात केली. दुपारी बाराला कोणीतरी पेन्सिल सरसावून समोर बसणार, हे एकदा निश्चित झाल्यावर रात्री लिहिणे भागच पडले. रोज भेट झाली की तो पहिला प्रश्न पानांचा विचारायचा. काल किती झाली, एकूण किती झाली, किती उरली. ॲना आकडा सांगायची. पानांचा गठ्ठा वाढत गेला, तसतशी त्याची उमेद वाढत गेली.

२९ ऑक्टोबरला कादंबरी सांगून पूर्ण झाली. वर्षभर न हललेले काम २६ दिवसांत उरकले होते. पण नाट्य अजून संपले नव्हते. १ नोव्हेंबरला दोस्तोयेव्हस्की हस्तलिखित घेऊन गेला तेव्हा स्तेलोव्हस्की बाहेरगावी निघून गेला होता आणि त्याच्या कारभाऱ्याने मालकाच्या हुकमाशिवाय हस्तलिखित घ्यायला नकार दिला. मुदत चुकावी, हीच त्या प्रकाशकाची इच्छा होती, असा दोस्तोयेव्हस्कीचा ग्रह झाला आणि तो गैर म्हणता येत नाही. सुदैवाने अशा प्रसंगी काय करावे, याचा कायदेशीर सल्ला ॲनाच्या आईने आधीच मिळवून ठेवला होता. नोटरीची वेळ टळून गेली होती. म्हणून रात्री दहा वाजता, मुदत संपायला दोन तास उरले असताना, हस्तलिखित त्या विभागाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊन रीतसर पावती घेण्यात आली. नऊ वर्षांची कमाई त्या पावतीने वाचवली.

‘क्राइम अँड पनिशमेंट’चा राहिलेला शेवटचा भागही ॲनाच्याच मदतीने पुरा झाला. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी दोघांचा विवाह झाला. वयात २५ वर्षांचे अंतर होते आणि घरात सावत्र मुलगा व वहिनी यांना हे लग्न मुळीच रुचलेले नव्हते. नातेवाइकांच्या मागण्या आणि सावकारांचा तगादा यांत लेखन होणे अशक्य आहे, हे ओळखून ॲनाने आपला हुंड्याचा ऐवज गहाण टाकला आणि एप्रिलमध्ये दोघे परदेशी निघून गेले. तीन महिन्यांसाठी म्हणून काढलेली ही सहल चार वर्षांहून अधिक लांबली.

येथे कथा सुखान्त व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. एका मुदतीवर मात केली म्हणजे सवय सुटत नाही. जर्मनीत पोहोचताच दोस्तोयेव्हस्की पुन्हा जुगाराकडे वळला. बाडेन-बाडेनमध्ये ॲनाची कर्णफुले, लग्नाची अंगठी, कपडे गहाण पडले. या व्यसनातही चालढकलीचाच एक प्रकार होता. एक मोठा डाव लागला की सारे कर्ज एका दमात फिटेल, मग निवांतपणे लिहिता येईल, हे ते स्वप्न. रोज थोडे थोडे लिहून थोडे थोडे फेडण्याचा कंटाळवाणा मार्ग त्यामुळे रोज लांबणीवर पडत होता.

‘द इडियट’च्या वेळी पुन्हा तीच गत झाली. मासिकाकडून आगाऊ रक्कम घेऊन झाली होती. १८६७ च्या उत्तरार्धात महिनोन्‌महिने आराखडे करून त्याने डिसेंबरमध्ये ते सगळे मोडीत काढले, नव्याने सुरुवात केली आणि सुमारे तीन आठवड्यांत पहिली प्रकरणे धाडून दिली. ॲना तेव्हा गरोदर होती आणि मुक्काम जिनिव्हात होता. फेब्रुवारी १८६८ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव सोन्या ठेवले. ४६ व्या वर्षी बाप झालेला हा माणूस आनंदाने वेडावून गेला. बाळाच्या अंघोळीला हजर राहणे, तिला दुपट्यात गुंडाळणे, कडेवर घेऊन फिरवणे, रडण्याचा आवाज येताच हातातले काम टाकून धावणे, हे सारे तो करी. मे महिन्यात थंड वाऱ्याचे निमित्त झाले आणि फुप्फुसाच्या दाहाने तीन महिनेही पुरी न झालेली सोन्या दगावली.

कादंबरीचा पुढचा हप्ता मात्र कोणासाठी थांबणारा नव्हता. पगारी नोकराला निदान रजेचा अर्ज करता येतो. आगाऊ घेतलेल्या पैशांवर दिवस काढणाऱ्या या बापाला तीही सोय नव्हती. शोकातच त्याने लिहिणे चालू ठेवले. हप्ते रखडले. कादंबरी १८६८ मध्ये पुरी होऊ शकली नाही आणि शेवटची प्रकरणे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वाचकांच्या हाती पडली. या विलंबाला आणि पूर्वीच्या चालढकलीला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. दुःखात काम मागे पडते, ते माणूसपणाचे लक्षण असते. भीतीने काम मागे ठेवणे ही वेगळी गोष्ट. दोस्तोयेव्हस्कीच्या आयुष्यात दोन्ही एकमेकांत गुंतलेल्या होत्या.

सप्टेंबर १८६९ मध्ये ड्रेस्डेनला दुसरी मुलगी ल्युबोव्ह जन्मली. १८७१ च्या वसंतात ‘डेमन्स’ ही कादंबरी अडली होती आणि ॲना पुन्हा गरोदर होती. नवऱ्याचे चित्त थाऱ्यावर यावे म्हणून तिनेच त्याला थोडे पैसे देऊन वीसबाडेनला पाठवले. तो अपेक्षेप्रमाणे हरला. पुन्हा कधी खेळणार नाही, अशी शपथ त्याने पत्रातून घेतली. अशा शपथा त्याने पूर्वी अनेकदा घेतल्या होत्या आणि मोडल्याही होत्या. ही मात्र मरेपर्यंत पाळली. त्याच वर्षी जुलैमध्ये कुटुंब पीटर्सबर्गला परतले आणि आठवड्याभरातच मुलगा फ्योदोर जन्मला.

परतल्याची बातमी वृत्तपत्रांत येताच सावकार पुन्हा गोळा झाले. ॲनाच्या हिशेबाने देणे सुमारे २५ हजार रूबल होते. यापुढे देणेकऱ्यांशी बोलणी आपण करायची, असे तिने ठरवून टाकले. एका सावकाराने दोस्तोयेव्हस्कीला तुरुंगात घालण्याची धमकी दिली, तेव्हा तिने शांतपणे त्याला वस्तुस्थिती सांगितली. घर तिच्या नावावर भाड्याने घेतले आहे, सामान हप्त्यावर आहे, जप्त करण्याजोगे काही नाही. नवरा तुरुंगात गेल्यास ती शेजारी खोली घेऊन त्याला रोज डबा पोहोचवील, पण तेथे तो लिहिणार नाही आणि सावकाराला एक कवडीही मिळणार नाही. सावकाराने हप्ते कबूल केले. डोक्यावरच्या कर्जाचे असे महिन्यामहिन्याचे तुकडे झाले. जुगाराच्या एका डावात फिटण्याची ज्याने स्वप्ने पाहिली, त्याचे कर्ज अखेर या तुकड्यांनीच फिटले. पूर्ण ऋणमुक्ती मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधी झाली.

१८७३ च्या जानेवारीत दांपत्याने आणखी एक धाडस केले. प्रकाशकांच्या दारी जाण्याऐवजी ‘डेमन्स’ स्वतःच पुस्तकरूपाने काढली. कागद, छपाई, बांधणी यांची चौकशी ॲनाने छापखाने व दुकाने पालथी घालून केली. ३५०० प्रती छापल्या. वृत्तपत्रात जाहिरात आली त्या सकाळी पुस्तकविक्रेत्यांची माणसे घरी येऊ लागली आणि संध्याकाळपर्यंत ११५ प्रती खपल्या. पुस्तकविक्री घरातूनच, मुले सांभाळत चालत होती. पुढे दोस्तोयेव्हस्कीची बहुतेक पुस्तके याच घरगुती प्रकाशनातून निघाली.

या वर्षांत घराचे वेळापत्रक कामाभोवती घट्ट विणले गेले. मुले झोपली, घर निजले की दोस्तोयेव्हस्कीची बैठक सुरू होई. कडक चहा आणि स्वतः वळलेल्या सिगारेटी यांच्या सोबतीने पहाटेपर्यंत तो लिही आणि दुपारच्या उंबरठ्यावर उठे. उठल्यावर मुलांना त्याच्या खोलीत मुक्तद्वार असे. त्यांच्यासाठी राखून ठेवलेला खाऊ तो स्वतःच्या हाताने वाटी. त्यानंतर ॲना वही घेऊन समोर बसे आणि रात्रीचे लेखन तो तिला सांगे. १८६६ च्या ऑक्टोबरमध्ये नाइलाजाने सुरू झालेली ही पद्धत संसाराचा भाग होऊन गेली होती. अपस्माराचा झटका आला की काही दिवस वाया जात, आधी काय लिहिले तेही आठवत नसे. मग ॲनाच्या नकलाच कामाला येत.

१८७६ मध्ये त्याने ‘लेखकाची दैनंदिनी’ हे एकहाती नियतकालिक सुरू केले. लेखक तोच, संपादक तोच. अंक महिन्याच्या अखेरच्या दिवशी निघणार, असे ठरले. मुदतींनी आयुष्यभर ज्याच्या नाकी नऊ आणले, त्याने स्वखुशीने वर्षाला बारा मुदती पत्करल्या, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवातून त्याला स्वतःची नीट ओळख पटली होती. आपल्याला मोकळा वेळ मानवत नाही, वाट पाहणारी माणसे आणि ठरलेला दिवस असला की लेखणी चालते, हे त्याने स्वीकारले. स्वतःचा स्वभाव बदलण्याचे व्रत न घेता त्याने स्वभावाला पेलेल अशी व्यवस्था उभी केली. वर्गणी, छापखाना, टपाल हे सारे ॲना पाही. उन्हाळ्यात कधी दोन महिन्यांचा जोडअंक निघे. पण दोन वर्षे हे काम चालले आणि हजारो वर्गणीदार मिळाले.

ही व्यवस्था ज्या स्त्रीच्या बळावर उभी होती, तिच्या श्रमांचा हिशेब त्या काळी कोणी मांडला नाही. लघुलेखन, नकला, मुद्रितशोधन, हिशेब, विक्री, सावकार, चार बाळंतपणे आणि दोन मुलांचे मृत्यू. दोस्तोयेव्हस्कीच्या शिस्तीचा अर्धा भाग खरे म्हणजे ॲनाची शिस्त होती. त्याला याची जाणीव होती. ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’ त्याने तिलाच अर्पण केली.

त्या कादंबरीच्या उंबरठ्यावर नियतीने पुन्हा घाला घातला. १८७५ मध्ये जन्मलेला धाकटा मुलगा अल्योशा १६ मे १८७८ रोजी आकडीच्या एका दीर्घ झटक्याने गेला. तो तीन वर्षांचाही नव्हता. आपलाच आजार मुलाने घेतला, ही टोचणी बापाच्या मनाला लागून राहिली. ॲनाचे तर घरातले लक्षच उडाले. तरीही नवऱ्याला सावरण्यासाठी तिने तरुण तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्हयोव्हला गळ घातली आणि जूनमध्ये दोघे ऑप्तिना मठात गेले. तेथील वृद्ध साधू अम्ब्रोसी यांच्या भेटीने त्याचे मन काहीसे निवले. मठातून परतलेला दोस्तोयेव्हस्की लिहू लागला. कादंबरीच्या सर्वांत निर्मळ नायकाला त्याने अल्योशा हे नाव दिले आणि एका प्रकरणात, तीन वर्षांचे मूल गमावून साधूकडे आलेल्या खेडवळ आईचे दुःख मांडले.

‘द ब्रदर्स करमाझोव्ह’ही वेळेत झाली नाही. १८७९ मध्ये संपणार म्हणून सांगितलेली कादंबरी पुढच्या वर्षात गेली. पण या वेळी तो गप्प बसला नाही. डिसेंबर १८७९ मध्ये त्याने मासिकातूनच वाचकांना पत्र लिहून विलंबाची जबाबदारी स्वतःवर घेतली, मासिकाचा त्यात दोष नाही हे स्पष्ट केले आणि काम पुरे करण्याचे वचन दिले. नोव्हेंबर १८८० मध्ये शेवटची प्रकरणे गेली. स्तेलोव्हस्कीच्या कराराच्या वेळी मित्राने विचारेपर्यंत संकट मनात दडवून ठेवणारा आणि आता हजारो वाचकांसमोर उशिराची कबुली देणारा, या दोन माणसांमध्ये १३ वर्षांचे अंतर होते.

स्वतःच्या मर्जीने काम करण्याचे स्वातंत्र्य सर्वांनाच हवेहवेसे वाटते. आज घरातूनच व्यवसाय करणाऱ्या, एका डोळ्याने मुलांकडे आणि दुसऱ्याने घड्याळाकडे पाहणाऱ्या अनेकांना त्या स्वातंत्र्याची किंमत ठाऊक असते. दोस्तोयेव्हस्कीच्या चरित्रात यावर कोणताही मंत्र सापडत नाही. निर्धाराच्या शपथा त्याने पुष्कळ घेतल्या आणि बहुतेक वाया गेल्या. उपयोगी पडल्या त्या अगदी साध्या गोष्टी. दुपारी बाराला येणारे माणूस, रोज मोजली जाणारी पाने, महिन्याचा हप्ता, अंकाचा ठरलेला दिवस. आणि मदत मागण्याचा संकोच एकदा सोडणे.

१८८१ च्या आरंभी त्याने थांबवलेली ‘लेखकाची दैनंदिनी’ पुन्हा सुरू केली. जानेवारीचा अंक लिहून छापखान्यात गेला. २८ जानेवारीच्या संध्याकाळी रक्तस्राव होऊन दोस्तोयेव्हस्कीचे निधन झाले. तो ५९ वर्षांचा होता. ल्युबोव्ह तेव्हा ११ वर्षांची होती, फ्योदोर नऊ वर्षांचा. ३१ जानेवारीला पीटर्सबर्गच्या रस्त्यांवरून अलेक्झांडर नेव्हस्की मठाकडे त्याची अंत्ययात्रा निघाली आणि हजारो लोक तिच्यामागून चालले. महिन्याचा तो अखेरचा दिवस होता. ‘दैनंदिनी’चा जानेवारीचा अंक ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी बाहेर पडला.